परीला बेंबी असते का?

फोटोत सोळा वर्षांची एक मुलगी गवतात बसली आहे आणि फूटभर उंचीचा एक बुटका तिच्या मांडीवर चढायच्या बेतात आहे. त्याच्या पोटाच्या बरोबर मध्यावर एक बारीक ठिपका दिसतो. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी तो ठिपका पाहिला आणि ती बेंबी असल्याचं ठरवून टाकलं. बेंबी आहे म्हणजे नाळ होती, नाळ होती म्हणजे या अद्भुत जमातीतही रीतसर बाळंतपणं होत असणार! तर्कात खोट काढायला जागा नाही. फक्त तो ठिपका म्हणजे बुटक्याला उभं धरणाऱ्या हॅटपिनचं टोक होतं आणि बुटका कागदाचा होता.

हाताने घडवलेल्या पऱ्या आज जगभर विकल्या जातात. मातीच्या, तारेच्या, कापडाच्या. त्यांच्याबरोबर बहुधा एक चिठ्ठी येते: हिचं नाव अमुक, ही अमक्या झाडाच्या ढोलीत राहते, दव पिते, चिडली की दूध नासवते. अशा चिठ्ठ्या मी हौसेने वाचतो आणि बहुतेक लगेच विसरतो. चांदण्या, दव, इंद्रधनुष्य यांची रेलचेल असली की गोष्ट हातातून निसटते. माणसाच्या मनात घर करते ती वेगळीच परीकथा. तिच्यात तारीख असते, मापं असतात, कुणा तज्ज्ञाचा दाखला असतो आणि एखादी जागा रिकामी सोडलेली असते. ती रिकामी जागा पाहणारा स्वतः भरतो. डॉइलनी बेंबी भरली.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या, ब्रॅडफर्डजवळच्या कॉटिंग्ली गावातली ही गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतून आलेली नऊ वर्षांची फ्रान्सिस ग्रिफिथ्स मावसबहीण एल्सी राइटच्या घरी राहत होती. घरामागच्या ओढ्यात खेळून ती रोज ओलीचिंब होऊन यायची आणि बोलणी खायची. ओढ्यावर जातेसच कशाला, या प्रश्नाला तिने उत्तर दिलं: पऱ्या बघायला. मोठी माणसं हसली. मग १९१७च्या जुलैमध्ये एल्सीने वडिलांचा कॅमेरा मागून घेतला. घरातच डार्करूम होती. कॅमेऱ्यातली काच धुतली तेव्हा फ्रान्सिससमोर चार पऱ्या नाचताना दिसल्या. सप्टेंबरमध्ये बुटक्याचा फोटो निघाला. वडिलांना संशय आला, त्यांनी कॅमेरा देणं बंद केलं आणि त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं.

एल्सीच्या आईच्या मनातून मात्र ते गेलं नव्हतं. १९१९मध्ये ती ब्रॅडफर्डला थिऑसॉफिकल सोसायटीच्या एका सभेला गेली आणि तिथे तिने फोटोंचा विषय काढला. या सोसायटीचं नाव आपल्याकडे नवीन नाही. तिच्या संस्थापकांनी, मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी, १८७९मध्ये मुंबईत येऊन बस्तान बसवलं होतं. मद्रासच्या अड्यारला मुक्काम हलला तो १८८२च्या अखेरीस. डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण निसर्गात वावरणाऱ्या सूक्ष्म जीवांना या मंडळींच्या तत्त्वज्ञानात आधीपासूनच जागा राखून ठेवलेली होती. त्यामुळे सोसायटीचे एडवर्ड गार्डनर यांच्या हाती फोटो पडले तेव्हा त्यांना ते नवल वाटलं नाही, पुरावा वाटला.

गार्डनरनी फोटो हॅरल्ड स्नेलिंग नावाच्या जाणकाराला दाखवले. स्नेलिंगचं मत पडलं की काचेवर कसलीही लबाडी नाही, दोन फोटो एकावर एक घेतलेले नाहीत आणि परी चक्क हललेली आहे. या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, कारण काचेपुरता स्नेलिंग बरोबर होता. लबाडी काचेवर नव्हतीच. एल्सीने पऱ्या कागदावर काढल्या, कापल्या, हॅटपिनांनी गवतात आणि फांद्यांवर टोचल्या आणि समोर जे होतं त्याचा फोटो काढला. हलल्यासारखं दिसलं कारण वाऱ्याने कागद हलला. तज्ज्ञाने डार्करूममधला चोर शोधला. चोर ओढ्याकाठी ऊन खात बसला होता. कोडॅक कंपनीने मात्र अस्सलपणाचा दाखला द्यायला नकार दिला.

पुढे १९२०च्या डिसेंबरमध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात डॉइल यांचा लेख आला, मुलींची नावं बदलून. अंक हातोहात संपला. दोन वर्षांनी त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. या गृहस्थांच्या घरातच पऱ्या होत्या: वडील चार्ल्स आणि काका रिचर्ड दोघेही पऱ्यांची चित्रं काढत. आणखी एक गंमत. एल्सीने नाचणाऱ्या पऱ्या ज्या चित्रावरून उचलल्या ते ‘प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक’ या पुस्तकात होतं आणि त्याच पुस्तकात डॉइल यांचीही एक कथा होती! होम्सने हा दुवा पाच मिनिटांत जुळवला असता.

आता त्या मुलींची पंचाईत पाहा. थट्टा म्हणून केलेल्या गोष्टीवर एवढ्या मोठ्या माणसाने विश्वास ठेवल्यावर खरं सांगायचं कोणत्या तोंडाने? दोघींची लग्नं झाली, एल्सी नवऱ्याबरोबर बरीच वर्षं भारतात राहिली, म्हातारपण आलं. कबुली आली १९८३मध्ये. तीही अर्धवटच. पहिल्या दोनांनंतर आणखी तीन निघून एकूण फोटो पाच झाले होते. पाचही बनाव, असं एल्सी म्हणाली. पाचवा खरा, असं फ्रान्सिस १९८६मध्ये मरेपर्यंत म्हणत राहिली. फोटोग्राफीचे तज्ज्ञ जेफ्री क्रॉली यांनी सुचवलेलं स्पष्टीकरण असं, की पाचव्या काचेवर चुकून दोनदा फोटो घेतला गेला असावा. म्हणजे जो नकळत घडला तोच दोघींपैकी एकीला कायमचा खरा वाटला.

पहिल्या फोटोनंतर नव्वद वर्षांनी, २००७च्या मार्चअखेरीस, डॅन बेन्सने हाच प्रयोग नव्या साधनांनी केला. जादूच्या प्रयोगांसाठी वस्तू बनवणारा हा माणूस. त्याने आपल्या संकेतस्थळावर जाहीर केलं, की डर्बीशरमध्ये कुत्रा फिरवायला निघालेल्या माणसाला सुमारे वीस सेंटीमीटर लांबीचा परीचा वाळलेला मृतदेह सापडला आहे. चिवट तपकिरी कातडी, दात, केस, किडक्या पानासारखे पंख. सांगाडा लहान मुलासारखा, पण क्ष-किरणांत हाडं पक्ष्यांसारखी पोकळ दिसली म्हणे, उडायला हलकी. मला दाद द्यावीशी वाटते ती कुत्र्याला. चंद्रप्रकाशात भटकणाऱ्या कवीला परी सापडली असती तर कुणी लक्ष दिलं नसतं.

एक एप्रिलला बेन्सने बनाव असल्याचं जाहीर केलं, तरी लोक ऐकेनात. तुझ्यावर दबाव आणला गेलाय, असं काहींनी कळवलं. परीला जिथून उचललं तिथे परत पूर ही विनंतीही आली. शेवटी परी लिलावात २८० पाउंडांना गेली, ती परी नाही हे माहीत असलेल्या गिऱ्हाइकाकडे.

अशी परी हातात घेऊन पाहिली तर कारागिरीची मेहनत कळते. आत तारेचा सांगाडा. त्यावर अॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद, कारण भाजताना जाड थर तडकतो आणि पातळ थर टिकतो. वर पॉलिमर क्ले. ही माती घरच्या ओव्हनमध्ये, साधारण १३० अंशांवर पक्की होते. काचेचे डोळे भाजण्याआधी बसवायचे, पंख मात्र नंतर. नाहीतर उष्णतेने आक्रसून जातात. म्हणून पाठीवर दोन चिरा आधीच ठेवतात. पंख पारदर्शक फिल्मचे करतात, नाहीतर पानाच्या जाळीचे. आपल्याकडे वहीत ठेवलेलं पिंपळपान असतं ना, तसं पान आठवडेच्या आठवडे पाण्यात कुजवायचं, मऊ ब्रशने गर काढायचा आणि शिरा तेवढ्या ठेवायच्या. यानंतर चांगला कारागीर एक गोष्ट हमखास करतो: पंखाची कड थोडी फाडतो किंवा जाळतो. अखंड पंख दुकानातला वाटतो. फाटला की तो कशाने फाटला, हे बघणारा मनातल्या मनात विचारू लागतो आणि चिठ्ठीची गरज संपते.

फसवायचा हेतूच नसलेली परंपराही आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते. सिसली मेरी बार्कर हिने १९२३पासून फुलांच्या पऱ्यांची पुस्तकं काढली. तिच्या बहिणीच्या बालवाडीतली मुलं समोर बसायची, त्यांचे कपडे आणि काटक्या-जाळीचे पंख ती स्वतः बनवायची. फूल मात्र वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अचूक हवं, हा तिचा आग्रह. परीला सूट, फुलाला नाही.

आणि नॉर्दम्प्टनशरच्या लॅम्पोर्ट हॉलचे सर चार्ल्स इशाम. या शाकाहारी, परलोकवादी जमीनदाराने १८४०च्या दशकात जर्मनीहून भाजक्या मातीचे बुटके आणले आणि स्वतः रचलेल्या दगडी डोंगरात वसवले. कुदळ-फावडी घेतलेले हे खाणकामगार बुटके. त्यातल्या काहींना त्यांनी संपावरही बसवलं होतं, हातात मागण्यांचा फलक देऊन. स्वतः जमीनदार असून मालकाची अशी फिरकी घेणं सोपं नाही. इशाम यांच्या पश्चात मुलींनी डोंगर रिकामा केला. कपारीत दडलेला एकच बुटका पुढे हाती लागला. त्याचं नाव लॅम्पी. बागेतल्या बुटक्यांमध्ये इंग्लंडातला सर्वांत जुना म्हणून तो आता ओळखला जातो आणि त्याचा दहा लाख पाउंडांचा विमा उतरवलेला आहे.