गाडी अधांतरी, भार मात्र जमिनीवरच

चाकं नाहीत, रुळाला शिवायचं नाही, नुसत्या चुंबकाच्या जोरावर धावायचं. अशी गाडी जमिनीला काय त्रास देणार, असे कुणालाही वाटेल. पण शेतकरी बंधूंनो, वजन काही हवेत विरत नाही. ते मार्गाच्या तुळईवर, तिथून खांबावर आणि खांबातून मातीत उतरतेच.

चीनमधील शांघायची चुंबकीय रेल्वे 2002 च्या अखेरीस प्रथम धावली. मार्ग सुमारे 30 किलोमीटर, ताशी 431 किलोमीटर वेगासाठी बांधलेला. गाडी आणि मार्ग यांच्यात फट जेमतेम एक सेंटिमीटरची. शेजारच्यापेक्षा एखादा खांब जरा जास्त बसला, की पंचाईत!

खालची जमीन यांग्त्से नदीच्या गाळाची, चिकण आणि पाण्याने भरलेली. अशा मातीवर पुन्हा पुन्हा भार आला की कणांमधले पाणी हळूहळू निघून जाते, कण जवळ सरकतात आणि जमीन बसते.

पण खरा मोठा गुन्हेगार गाडी नव्हे, तर उपसा. शांघायमध्ये 1921 ते 1965 या काळात जमीन काही ठिकाणी 2.63 मीटर खचली. तेव्हा ही गाडी कुठे होती? कापड गिरण्या आणि कारखाने भूगर्भातले पाणी ओढत होते. पुढे उपसा कमी केला, हिवाळ्यात थंड पाणी विहिरींत परत सोडले, तेव्हा खचणे मंदावले.

तैवानच्या युनलिन भागात तर हा प्रश्न थेट शेतकऱ्याच्या बांधावर आला. तिथली 2007 ची वेगवान रेल्वे चाकांचीच, पण गाळाच्या जमिनीतून जाणारी. उपशामुळे जमीन खचली, तसे खांबही खचू लागले. 2011 साली सरकारने मार्गालगतच्या शेकडो खोल विहिरी बुजवायचे ठरवले. विहीर गेली तर भात कशावर पिकवायचा? शेवटी 2013 मध्ये कमी पाण्याच्या पिकांची योजना आणावी लागली.

आपल्याकडे बहुतेक भागात खाली कातळ आहे. जमीन अशी बसत नाही, म्हणून उपशाचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. तेव्हा पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडा, ठिबकवर या. आणि उद्या तुमच्या रानाजवळून मोठा मार्ग आखला गेला, तर मोबदल्याबरोबर हेही विचारा : विहिरींची पाणीपातळी कोण मोजणार, आणि ती नोंद गावाला दाखवणार का?