मुठेकाठची पगडी

चऱ्होलीला रेल्वे स्टेशन नाही. दिघी, भोसरी करत नाशिक फाटा गाठायचा आणि तिथून मेट्रो धरायची, हा इकडच्यांचा सोयीचा रस्ता. सिव्हिल कोर्टला उतरून वनाजकडची गाडी पकडली, की मुठेच्या काठाने जाताना पुणे मेट्रोची सर्वांत देखणी छपरे लागतात. छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही ती दोन स्थानके. १ ऑगस्ट २०२३ रोजी गरवारे महाविद्यालय ते रुबी हॉल हा टप्पा सुरू झाला, त्यावरची. दोन्ही छपरांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला आहे.

पगडीचा डौल नदीपलीकडच्या काठावरून दिसतो. फलाटावर आल्यावर मात्र मान वर करून बघावे. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची नजर कैच्यांवरून सरकत थेट पन्हाळीवर थांबते. पाणी जाते कुठे, हा त्याचा पहिला प्रश्न, आणि तोच खरा आहे.

कारखान्याच्या उतरत्या छपरावरून पाणी सरळ दोन बाजूंना पळते. वळणदार छपरावर ते दोन वळणांमधल्या घळीत एकवटते. हजार चौरस मीटर छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० हजार लिटर पाणी होते. ते सगळे पन्हाळीतून उभ्या नळात उतरायला हवे. नळाच्या तोंडाची जाळी पाल्याने, कबुतरांच्या काटक्यांनी भरली, की पाणी मागे चढते, पत्र्याच्या जोडाखाली शिरते आणि फलाटावर ठिबकू लागते. लोक पत्र्याला दोष देतात. पुष्कळदा तुंबलेली असते पन्हाळ.

उन्हाचा मार वेगळाच. तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर १०० मीटर लांबीचे पोलाद सुमारे ३६ मिलिमीटर वाढते. म्हणून लांबलचक छपरात मोकळे सांधे ठेवावे लागतात. या रोजच्या हालचालीने स्क्रूभोवतीचे भोक सैल होते, त्याखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो. वॉशर नखाएवढा, पण तो बदलायला माणूस वर चढवायचा आणि खाली गाडीची २५ हजार व्होल्टची तार! म्हणून असले काम रात्री, गाड्या थांबल्यावर, वीज बंद करूनच करावे लागते.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकाच्या छपराचा एक भाग ५ डिसेंबर १९०५ रोजी कोसळला आणि सहा जणांचा जीव गेला. तुटली होती एक लोखंडी ताणसळई. तिच्या जोडातच दोष होता. खाली उभे राहून असा दोष कळत नाही. कुणीतरी वर जाऊन जवळून पाहावेच लागते.

परतताना सिव्हिल कोर्टचे भुयारी स्थानक सवडीने पाहावे. खोली ३३.१ मीटर, तरी छताची रचना अशी की ऊन थेट फलाटावर उतरते. मला तर हे पगडीपेक्षाही मोठे काम वाटते. धुळीच्या दिवसांत हे छत वेळच्या वेळी धुतले, तरच तो उजेड टिकेल.

माझी मागणी साधी आहे. पावसाळ्यापूर्वी छप्पर कधी तपासले, पन्हाळी कधी साफ केल्या, याच्या तारखा महामेट्रोने प्रत्येक स्थानकावर लावाव्यात. शेडमध्ये काम करणारे कितीतरी प्रवासी त्या वाचतील, आणि गळती दिसलीच तर कितव्या कैचीजवळ, कोणत्या जोडात, हेही नेमके सांगतील.