नडगीचं हाड आणि न भरणारी जखम

नडगीच्या पुढच्या बाजूला स्नायूंचं आवरण जवळजवळ नाहीच. हाडावर थेट कातडी. त्यामुळे अपघातात हे हाड मोडून बाहेर आलं, की माती आणि जंतूंना वाट मोकळी होते. अशा वेळी अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हावं लागतं.

तरीही काहींना महिन्यांनी त्रास होतो. हाड जुळत नाही, ठणका लागतो, बारीक भोकातून पू झिरपतो. भोक हाडापर्यंत गेलेलं असेल, तर हाडाच्या संसर्गाचं निदान जवळपास पक्कंच. रक्तातला सीआरपी (जळजळ दाखवणारं प्रथिन) नॉर्मल आला म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. वरवरचा पू टिपून तपासणं तर फसवंच. त्यात बरेचदा कातडीवरचेच जंतू सापडतात. भरवशाचे ते शस्त्रक्रियेत खोलवरून घेतलेले पाच-सहा नमुने. प्रकृती ठीक असेल, तर त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवतात.

नुसत्या गोळ्यांनी हे का बरं होत नाही? मेलेल्या हाडात रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही नाही. शिवाय प्लेट-स्क्रूवर जंतू चिकट थर करून राहतात. म्हणून मेलेलं हाड काढून पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरतात, गरज पडल्यास वर स्नायूचं आच्छादन देतात. हाड बरंच गेलं असेल, तर रशियन सर्जन इलिझारोव्ह यांची रिंग लावून ते रोज साधारण 1 मिलिमीटर वाढवतात, चिकाटीचं काम. औषधं बहुधा सहा आठवडे चालतात. ती सगळी शिरेतूनच हवीत असं नाही: 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत योग्य निवडलेल्या गोळ्याही तितक्याच उपयोगी ठरल्या.