मे महिन्याची चाळण

पुण्यातल्या घरगुती फुलझाडांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात १९६१पासून करावी. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. वाड्यात चौकातली तुळस आणि परसातला प्राजक्त सगळ्यांचा मिळून असे. आता चार हातांचं का होईना, ज्याचं त्याचं अंगण झालं.

रोप विकत आणायची तेव्हा फारशी रीत नव्हती. शेजारणीकडे फांदी मागायची आणि पावसाळ्यात खोचून द्यायची. साहजिकच फांदीवर जगणारीच झाडं घरोघर पोचली: तगर, जास्वंद, कण्हेर. देवाला रोज फुलं लागत, म्हणून वर्षातले बहुतेक दिवस फुलेल तेच लावायचं, हा दुसरा निकष. आज तज्ज्ञ ज्याला निवड म्हणतात ती अशी आपोआपच होत गेली.

यातली कण्हेर मला सर्वांत हुशार वाटते. तिचा चीक, पानं, फांद्या सगळंच विषारी. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून ती कुंपणाला बसली. (घरात रांगतं मूल असेल तर मात्र दोन वर्षं थांबा.) इतक्या विषारी पानांवरही एक फुलपाखरू आपल्या अळ्या पोसतं. पावसाळ्यात पान उलटून पाहिलं तर त्याचा कोष दिसतो, चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत.

बोगनवेल मूळची ब्राझीलकडची. ती बंगल्यांच्या फाटकांवर आधीपासून होती, पण तिची खरी किंमत १९७२च्या दुष्काळासारख्या वर्षांतच कळते. आंघोळीचं पाणी तुळशीला घालावं की जास्वंदीला, असा प्रश्न पडलेल्या घरात हिला कोण विचारणार? आणि दुर्लक्ष झालं तेव्हाच ती पेटली. तिचं गणितच उलटं आहे. पाणी आणि शेणखत भरपूर दिलं की नुसता पाला माजतो. पाणी तोडून पानं जरा मलूल होऊ दिली की रंग येतो. आणि तो रंगही फुलाचा नव्हेच. कागदासारखी दिसतात ती रंगीत पानं, खरं फूल त्यांच्या मधोमध, बारीक नळीसारखं. एकाच झाडावर पांढरा आणि राणी असे दोन्ही रंग आणणारी ‘मेरी पामर’ ही जात कोलकात्यात मिळालेली.

पुढे बोअरवेल आल्या, गाडीत घालून रोपं आणायची सोय झाली आणि निवडीचा लगाम सुटला. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं. त्या थंडीत काय देखणं दिसत नाही? अनंत, एक्झोरा हौसेनं घरी आले. वर्षभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक खत वाढवत राहिले. दुखणं वेगळंच होतं: आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असूनही या झाडांना घेता येत नाही. कोकणातल्या जांभ्या मातीत हाच एक्झोरा कुंपणासारखा माजतो. तेव्हा झाड चिवट की नाजूक, हे कुठल्या मातीत ते सांगितल्याशिवाय बोलूच नये.

२०१५च्या तुटीच्या पावसानंतर पुण्यात एक दिवसाआड पाणी आलं, आणि मे महिन्यानं पुन्हा चाळण लावली. तगर उरली, कण्हेर उरली, बोगनवेल तर खुशीत. जास्वंदीत जुनी साधी लाल तगली, संकरित मोठ्या फुलांच्या जातींवर पिठ्या ढेकूण चढला.

चिवटपणालाही मर्यादा हवी, हे घाणेरीनं दाखवलं आहे. इंग्रजी अमदानीत बागेचं फूल म्हणून आली आणि आज देशभरातली जंगलं दाबून बसली आहे. म्हणून हल्ली मी विचारणाऱ्यांना आपल्याच माळावरची नावं सांगतो. कोरांटी आहे, थंडीत फुलते. धायटी आहे, फेब्रुवारी ते एप्रिल तिच्या फांद्या लालभडक फुलांनी झाकलेल्या असतात आणि सकाळी शिंजीर त्यांवर लोंबकळत असतात. आसवारिष्टं आंबवायला वैद्य जी फुलं घालतात ती हीच. रोप मिळायला जरा हिंडावं लागतं. मिळालं तर मेमध्ये खड्डा उन्हात तापू द्यावा, दोन चांगले पाऊस झाले की लावावं, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालावं.