कोयता : एका शब्दाचा लक्ष्यार्थ आणि मानवकेंद्री योजना

व्यवसायातील वस्तू, यंत्र वा व्यवस्था आखताना ती वापरणाऱ्या माणसाच्या अनुभवापासून आरंभ करावयाचा, या पद्धतीस मानवकेंद्री योजना म्हणतात. समानुभूती हे तिचे मुख्य साधन होय. सहानुभूतीत दुसऱ्याविषयी कणव असते. समानुभूतीत त्याच्या जागी राहून पाहणे अभिप्रेत असते. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ साली सौंदर्यविचारात ‘आइनफ्यूलुंग’ ही संज्ञा योजिली. तीवरून टिचनर याने १९०९ साली ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द घडविला. परंतु दुसऱ्याच्या जागी राहून पाहावयाचे कसे? या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट त्याच्या शब्दांतून जाते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असे म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला. हे बोलणे अज्ञानात जमा करणे सोपे होते. तथापि नांगर न खपण्याचे कारण त्याच बोलण्यात होते. अशा शंकेचे निरसन जाहिरातीने होत नाही. नांगरलेल्या रानातील पीकच तिला उत्तर देऊ शकते.

याहून बोलके उदाहरण आजच्या ऊसतोडीत आढळते. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा व भोवतालचा प्रदेश उसाचा आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ हा शब्द हत्याराचा वाचक तर आहेच, पण लक्षणेने तो नवरा-बायकोच्या जोडीचाही वाचक झाला आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ठरतो. सामान्यतः पुरुष ऊस तोडतो. स्त्री मोळ्या बांधते व डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते.

आता तोडणीचा वेग वाढवावयाचा आहे, असे समजू. वाच्यार्थावर विसंबणारा योजक अधिक धारदार पाते घडवील. ऊस लवकर आडवा होईल आणि स्त्रीला तितक्याच लवकर अधिक मोळ्या वाहाव्या लागतील. लक्ष्यार्थ जाणणारा योजक मोळीचे वजन, गाडीची उंची आणि फळीचा चढ यांपासून आरंभ करील.

‘खाडा’ हा शब्दही असाच विचारार्ह आहे. कामावरील एका दिवसाच्या गैरहजेरीस खाडा म्हणतात. जोडीतील एक आजारी पडला तरी मजुरी बुडते व पुष्कळदा दंडही बसतो. हिशेबाच्या वहीत मासिक पाळी, बाळंतपण आणि आळस यांना एकच शब्द पुरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनास २०१९ साली समिती नेमावी लागली, ही गोष्ट येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

म्हणून या क्षेत्रात शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळावे. ‘कोयता’ व ‘खाडा’ यांचा अर्थ मुकादमास विचारून थांबू नये. मोळी वाहणाऱ्या स्त्रीलाही तो विचारावा. दोन उत्तरांत जे अंतर पडेल, तेथूनच योजनेस आरंभ व्हावयास हवा.