मानसशास्त्र : मेजर घ्यायचे की मायनर?

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाची धावपळ सुरू होते. ‘मानसशास्त्र घ्यायचे असेल तर काय लागते?’ हा प्रश्न आता जळगाव-धुळ्यातल्या घरांतही विचारला जातो. प्रवेशापुरते फारसे काही लागत नाही. मात्र पुढे समुपदेशक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर अर्जावरच्या मेजर-मायनरच्या रकान्यात केलेली खूण तीन वर्षांनी फार महत्त्वाची ठरते.

बी.ए.च्या प्रवेशासाठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण असलेले चालते. अकरावी-बारावीला मानसशास्त्र हा विषय असलाच पाहिजे, अशी अट सहसा नसते. त्यामुळे ‘नीट’मध्ये हवे तेवढे गुण न मिळालेली विज्ञान शाखेची मुलेही इकडे वळू शकतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर गुणवत्ता यादी लागते.

खरा फरक मेजर आणि मायनर यांत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मेजर हा मुख्य विषय, तर मायनर हा त्याच्या जोडीचा विषय. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट लागतात आणि त्यातले निम्मे मेजरचे असावे लागतात. मायनरचे श्रेयांक साधारण २० च्या घरात असतात. एका श्रेयांकासाठी वर्गात १५ तास शिकवणे अपेक्षित असते, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. म्हणजे मेजर घेणारा विद्यार्थी मानसशास्त्राला किमान ९०० तास देतो, मायनर घेणारा साधारण ३००. शिक्षक, पोलीस, समाजकार्य किंवा मनुष्यबळ व्यवस्थापन अशा क्षेत्रांत जायचे असेल, तर मायनरही चांगली शिदोरी आहे. रुग्णांसोबत काम करायचे असेल, तर मेजरच घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार मायनर विषयातही पदव्युत्तर शिक्षण घेता येते. तरीही प्रत्येक विद्यापीठ प्रवेशाच्या आपापल्या अटी ठेवू शकते. त्या आधीच वाचलेल्या बऱ्या.

‘हा विषय म्हणजे लोकांची मने ओळखणे’ अशी समजूत करून आलेली मुले संख्याशास्त्राच्या पहिल्या तासालाच गांगरतात. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे या विषयाचे रोजचे हत्यार आहे. स्मृती, अवधान, प्रतिक्रियाकाल यांचे प्रयोग करावे लागतात, त्यांचे अहवाल लिहावे लागतात. मेंदू, चेतापेशी आणि अंतःस्रावी ग्रंथी यांचा अभ्यासही चुकत नाही. त्याला कारण आहे. थायरॉइड ग्रंथी मंदावली किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी माणूस उदास आणि सुस्त दिसू शकतो. शरीराकडे दुर्लक्ष करून मनाचा विचार करणाऱ्याची इथेच फसगत होते.

दुसरा गैरसमज पदवीबद्दलचा. बी.ए. झाल्यावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये यासाठी पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले, देखरेखीखाली रुग्णसेवा करायला लावणारे दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. सांगितले आहे. म्हणजे बारावीनंतर सुमारे सात वर्षे. एम.फिल. ही पदवीच आता मागे पडत असल्याने या टप्प्याची रचना बदलते आहे. म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी पाहणे आवश्यक आहे. औषधे लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ मात्र वेगळा. तो एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो.

तिसरी गोष्ट दूरशिक्षणाची. जवळच्या महाविद्यालयात विषय नसला की पूर्वी पत्राद्वारे किंवा ऑनलाइन पदवीचा मार्ग धरला जाई. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रमांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितले. त्यामुळे साक्री, शिरपूर किंवा चोपड्यासारख्या तालुक्यातल्या मुलीला विषय नियमित महाविद्यालयातच घ्यावा लागतो. अशा वेळी एस.टी.चा पास आणि वसतिगृहाचा खर्चही प्रवेशाच्या अटींइतकाच मोठा ठरतो. पालकांनी त्याचा हिशेब आधीच मांडावा.

एवढे सगळे करायचे कशासाठी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. बहुतेक विकारांत उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, खानदेशात एकही नाही. धुळे आणि जळगाव इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण मनाच्या आजारात गोळ्यांइतकेच महत्त्व बोलण्याला असते. अहिराणी, लेवा बोली किंवा पावरी बोलणारा माणूस आपले दुःख प्रमाण मराठीत सांगेलच असे नाही. ती बोली कानावर घेऊन वाढलेला मानसशास्त्रज्ञ इथल्या रुग्णाला अधिक लवकर समजून घेईल.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाला चार प्रश्न विचारावेत. मानसशास्त्र इथे मेजर म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत मिळते का? विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक आणि प्रयोगशाळा आहे का? मेजर केव्हा ठरवावा लागतो आणि नंतर बदलता येतो का? चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाची सोय आहे का? जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय स्वायत्त आहे, तर अनेक महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न राहून त्याचा अभ्यासक्रम राबवतात. त्यामुळे एकाच जिल्ह्यातही या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. ती माहितीपत्रकात लेखी पाहावीत आणि मगच शुल्क भरावे.