मुलाचा ताबा कोण ठरवतो?

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की वस्तीतील चार वडीलधारी मंडळी बसतात, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली जाते आणि शेवटी 'मूल बापाकडे राहील' अशी ओळ घालून सह्या होतात. प्रश्न मिटला असे सर्वांना वाटते. परंतु या ओळीने मुलाचा ताबा कायमचा ठरत नाही. आईने सही केली म्हणून न्यायालयाचे दार तिला बंद होत नाही.

आपण बौद्ध, मग हिंदू कायदा आपल्याला कसा, असे अनेक बांधव विचारतात. धर्म आपला स्वतंत्रच आहे. तथापि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांनाही लागू असल्याचे त्यातच नमूद आहे. याबद्दल नाराजी असली तरी आज निर्णय याच कायद्याने होतात.

या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम पिता व त्याच्यानंतर माता; मात्र पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. 'त्याच्यानंतर' म्हणजे केवळ पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केले. पिता मुलाची जबाबदारीच घेत नसेल तर त्याच्या हयातीतही माता पालक ठरू शकते.

पालकत्व आणि ताबा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. बाप कायद्याने पालक असूनही मूल आईजवळ राहू शकते, कारण कलम १३ नुसार मुलाचे हित सर्वांत वरचे. केवळ पगार जास्त म्हणून ताबा मिळत नाही. शाळेत कोण सोडते, आजारपणात जवळ कोण असते, हे न्यायाधीश पाहतात. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे म्हणणेही विचारात घेतात.

मूल सामान्यतः जेथे राहते तेथील कौटुंबिक न्यायालयात, ते नसल्यास जिल्हा न्यायालयात, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा. निकाल लागेपर्यंत तात्पुरता ताबा किंवा भेटीची वेळ मागता येते. परिस्थिती पालटली तर झालेला आदेशही बदलून मिळतो.

वकिलाच्या फीची धास्ती नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेचे कागद आणि तो स्टॅम्प पेपरही बरोबर न्यावा.